जबाबदार बॅटरीबाई

आमच्या वन्सं कुणाला म्हणून घाबरत नाहीत, असं थिएटरात सगळे म्हणतात. साफ खोटं आहे. त्या पालीला घाबरतात, इंजेक्शनला घाबरतात, लिफ्टमध्ये तर पाय ठेवत नाहीत, धापा टाकत जिने चढतील. फक्त माणसांना घाबरत नाहीत. त्यातून समोरचा कोट घालून आला असेल तर विचारूच नका, त्यांना जास्तच चेव येतो.

मी त्यांच्या धाकट्या भावाची बायको. लग्न करून आले तेव्हा मैत्रिणी म्हणाल्या, नशीबवान आहेस, सासू नाही. मी म्हटलं, सासू नाही, पण वन्सं आहेत, आणि त्या सासूचं, सासऱ्याचं आणि शेजारणीचंही काम एकट्या करतात. भाजीत मीठ कमी पडलं की बोलणार, जास्त झालं की बोलणार, आणि बरोबर पडलं तर "आज काय विशेष?" म्हणून विचारणार. तरी सांगते, त्यांच्याविरुद्ध दुसरं कुणी एक शब्द बोललेलं मला खपत नाही. बोलायचं असेल तर मी बोलेन.

आम्ही तिघंही एकाच नाटकाच्या थिएटरात कामाला आहोत. आमचे हे वरच्या खोलीत बसून लाइट सांभाळतात, माइकवरच्या घोषणाही तेच करतात. बाहेरच्या हॉलमध्ये माझं कॅन्टीन, म्हणजे एक ओटा, चहाचं मशीन आणि सँडविचचं कपाट. आणि वन्सं दारात, हातात बॅटरी घेऊन. नाटक सुरू झालं, अंधार झाला, की उशिरा येणाऱ्यांना खुर्चीपर्यंत पोचवायचं काम त्यांचं. उजेड पायाशी धरायचा, तोंडावर मारायचा नाही, हा त्यांचा नियम. "तोंडावर बॅटरी चोराच्या मारतात. ही माणसं तिकीट काढून आलीत," असं म्हणतात. अर्थात पोचवता पोचवता कानाशी कुजबुजून चांगली हजेरीही घेतात. "घरातलं घड्याळ बंद पडलंय का हो?" सगळे त्यांना बॅटरीबाई म्हणतात. खरं नाव विचारलंत तर थिएटर कमिटीच्या सेक्रेटरीलाही डोकं खाजवावं लागेल.

त्या माहेरी परत कशा आल्या, ते त्यांनी मला एकदाच सांगितलं, भांडी घासता घासता. सासरची माणसं घराबाहेर पडली की यांना आत ठेवून बाहेरून कडी घालायची. गावाला गेली तरी कडी, कोपऱ्यावर भाजी आणायला गेली तरी कडी. का, तर म्हणे तुझ्याच सुरक्षिततेसाठी. "आत काही पेटलं असतं तर कडी धावून आली असती का गं मला वाचवायला?" असं म्हणाल्या आणि कढई घासत राहिल्या. एक दिवस कडी घालायची राहून गेली. वन्सं अंगावरच्या कपड्यांनिशी निघाल्या, त्या परत गेल्या नाहीत. त्या मेल्यांचा मला अजून राग येतो. मी त्यांना पाहिलेलंही नाही, तरी येतो.

तर झालं काय, की कुठल्याशा शहरात गर्दीच्या जागी अतिरेक्यांनी हल्ला केला, पुष्कळ माणसं गेली, आणि त्यानंतर नवा कायदा आला. जिथे म्हणून लोक जमतात, थिएटर असो, स्टेडियम असो, नाहीतर मोठं हॉटेल असो, तिथे तयारी ठेवायची. येणाऱ्यांच्या पिशव्या बघायच्या. धोका आत असेल तर लोकांना बाहेर कसं काढायचं ते ठरवायचं, धोका बाहेर असेल तर आत कसं सांभाळायचं तेही ठरवायचं. एक खुणेचा शब्द ठेवायचा. तो माइकवर बोलला की कामाच्या माणसांनी समजायचं आणि दारं उघडायची, प्रेक्षकांनी घाबरायचं नाही. आणि एक जबाबदार व्यक्ती नेमायची, तिचा फोटो दर्शनी भागात लावायचा.

तपासणीच्या मॅडम येऊन हे सगळं आम्हाला समजावून गेल्या, आणि एका भरल्या प्रयोगात सराव बघायला येईन म्हणाल्या. बाई बोलायला चांगली होती, उगाच तोरा नव्हता. "दार आतून बंद करता आलं पाहिजे आणि आतून क्षणात उघडता आलं पाहिजे. बाकी सगळं त्याच्यानंतर," असं त्या म्हणाल्या. आमच्या सेक्रेटरीने अशी काही मान डोलावली की मला वाटलं गळून पडते आता.

सेक्रेटरी म्हणजे गोड बोलून स्वतःचं ओझं दुसऱ्याच्या गळ्यात अडकवण्यात पटाईत. मॅडम गेल्यावर त्याने आम्हा सगळ्यांना रंगमंचावर बोलावलं आणि म्हणाला, "या थिएटरचा प्रत्येक कोपरा कुणाला माहीत आहे? अंधारात कोण वाट दाखवतं? आपल्या जबाबदार व्यक्ती असतील, आपल्या बॅटरीबाई!" टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. वन्संनी मान खाली घातली, पण कान लाल झालेले मी पाहिले. जन्मात त्यांचा कुणी फोटो लावला नव्हता. दुसऱ्या दिवशी काचेच्या फ्रेममध्ये फोटो आला, खाली मोठ्या अक्षरांत 'जबाबदार व्यक्ती'. माझ्या ओट्याच्या बरोबर समोर. चहा गाळताना बघावं तर समोर वन्सं, डोळे वटारून.

त्या संध्याकाळी आमचे हे भराभर जेवले. हात धुऊन आले आणि म्हणाले, "ताई, तू पेपर वाचतेस ना? 'या यशाला जबाबदार कोण' असं कधी छापून आलेलं पाहिलंस?"

"म्हणजे?"

"पूल पडला, बस उलटली, कुणी चेंगरून मेलं, की मग विचारतात, जबाबदार कोण? आपल्याकडे जबाबदार म्हणजे शहाणा माणूस नाही गं. ज्याला धरायचं तो माणूस. त्यांनी आधीच फोटो काढून ठेवलाय तुझा. शोधायलाही नको."

मी म्हटलं, "अहो, काहीतरीच काय!" पण खरंच होतं ते. उद्या काही बरंवाईट झालं तर सेक्रेटरी हात झटकणार आणि वन्संना पुढे करणार.

वन्संनी ताटातला भात संपवला. मग म्हणाल्या, "बाळ्या, बाजूच्या दाराची किल्ली कुणाकडे असते रे?"

आता हे बाजूचं दार म्हणजे काय, ते सांगते. थिएटरात यायचं-जायचं मोठं दार मागे. डाव्या हाताला आणखी एक दार आहे, वर लाल दिव्यात 'बाहेर' लिहिलंय, तिथून बोळ निघतो तो मागच्या अंगणात. पण त्या दाराला आतून हे एवढं कुलूप. कारण बोळात सेक्रेटरीच्या मेव्हण्याचे सोफे ठेवलेले. मेव्हणा समारंभांना फर्निचर भाड्याने देतो, त्याला गोदाम कशाला घ्यायचं, आमचा बोळ आहेच की! टोकाला माझीही थंड पेयांची रिकामी खोकी असतात, पण ती काय, लाथ मारली तरी सरकतील.

सकाळी वन्सं सेक्रेटरीच्या खोलीत गेल्या. दार उघडं होतं, मी ओट्याशी सगळं ऐकलं.

"किल्ली द्या."

"अहो बॅटरीबाई, किल्ल्या कमिटीकडे असतात."

"आणि जबाबदारी?"

"ती तुमच्याकडे!" तो हसून म्हणाला, जसा काही मोठा मान दिला.

"मग जबाबदारीही कमिटीकडे ठेवा. नाहीतर किल्ली मला द्या. एक तर दोन्ही द्या, नाहीतर दोन्ही ठेवा."

मग त्याने सूर बदलला. म्हणाला, "तुम्हाला कळत नाही. हे सुरक्षिततेसाठीच आहे. उद्या कुणी त्या दाराने आत घुसलं तर?"

सुरक्षिततेसाठी! वन्संच्या सासरचाच तो शब्द. आता काही खरं नाही, म्हटलं. पण वन्संचा आवाज चढला नाही. "आतून बोल्ट आहे. तो लावला की बाहेरचा येत नाही. कुलूप बाहेरच्यासाठी नाही तुमचं. कुलूप सोफ्यांसाठी आहे."

सेक्रेटरी म्हणाला, तपासणीच्या सरावाआधी बोळ मोकळा होईल, शब्द देतो. वन्सं बाहेर आल्या, स्टूल घेतलं, फोटो काढला आणि भिंतीकडे तोंड करून परत अडकवला. मग रोज हेच चालू झालं. सेक्रेटरी येताना फोटो सरळ करायचा, वन्सं उलटा करायच्या. माझी गिऱ्हाइकं चहा पिता पिता आज कुणाची सरशी ते बघायची. नोकरीवरून काढतील हो, मी म्हटलं त्यांना. "काढू देत. तोवर दारात मी आहे," म्हणाल्या.

आणि एवढं सगळं असून काम टाकलं असं नाही हं. उलट डोळ्यांत तेल घालून करत होत्या. पिशव्या बघायची त्यांची स्वतःची पद्धत. "बाई, पर्स तुम्ही उघडा, मी नुसती डोकावते. हात घालणार नाही." त्यामुळे कुणी कुरकुरलं नाही. खुणेचा शब्दही त्यांनीच निवडला. शब्द असा हवा की कुणाला संशय येऊ नये, घरगुती वाटावा. विचार करून करून त्यांनी ठरवलं, 'काका'. माइकवर म्हणायचं, "काका, कृपया तिकीट खिडकीपाशी या." की आम्ही समजायचं, धोका आहे, दारं उघडा, माणसं बाहेर काढा. आम्हाला सगळ्यांना तो शब्द फार आवडला. किती साधा, किती गोड! एकाच्याही डोक्यात प्रकाश पडला नाही. माझ्याही नाही.

सरावाचा दिवस आला. दुपारचा प्रयोग, कौटुंबिक विनोदी नाटक, थिएटर भरलेलं. आणि दुपारी नाटकाला कोण येतं? निवृत्त झालेली माणसं. मॅडमही वेळेवर आल्या. वन्सं सकाळीच बाजूच्या दाराशी जाऊन आल्या होत्या. कुलूप तसंच. सेक्रेटरी म्हणाला, मेव्हण्याची गाडी बिघडली, आजचा दिवस सांभाळून घ्या. वन्संनी त्याच्या तोंडावर सांगितलं, "मॅडमना मी आत्ताच सांगते." तर हा म्हणाला, "तुम्ही कशाला, मीच सांगतो, नाटकानंतर." आणि मॅडमना जवळजवळ हाताला धरून आत मागच्या रांगेत बसवायला घेऊन गेला. तेवढ्यात तिसरी घंटा झाली.

पहिल्या अंकाच्या मध्यावर आमच्या ह्यांचा आवाज आला, अगदी मऊ, शिकवला तसा. "काका, कृपया तिकीट खिडकीपाशी या."

अहो, थिएटरातले सगळे काका उठले!

का नाही उठणार? केस पांढरे झाल्यापासून भाजीवाली त्यांना काका म्हणते, कंडक्टर काका म्हणतो, बँकेतली मुलगी काका म्हणते. प्रत्येकाला वाटलं, मलाच बोलावतायत. बायका कोपराने ढोसत होत्या, "अहो, उठा, तुम्हाला बोलावलंय." एक म्हणाला, माझी गाडी आडवी लागली असणार. दुसरा म्हणाला, घरून फोन आला वाटतं. ते बघून त्यांच्या बायका उठल्या, "थांबा, मी पण येते." मी मोठ्या दारात उभी होते, मला आधी हसूच आलं. पण ते अर्धं राहिलं. कारण अंधारात सगळी गर्दी एकदम मोठ्या दाराकडे आली. आमचे हे इतके गडबडले की वरचे लाइट लावायचेच विसरले. मागून कुणीतरी ओरडलं, "काय झालं? काहीतरी झालंय!" आणि मग ते काका राहिले नाहीत, ती नुसती गर्दी झाली. डावीकडच्यांना लाल दिवा दिसला, 'बाहेर' म्हणून. ती माणसं तिकडे वळली.

तिकडे कुलूप.

पुढच्यांना दार उघडता येईना, मागचे रेटत होते. एक काठीवाल्या आजी दाराला चिकटून अडकल्या होत्या. त्या तळहाताने दार बडवत होत्या आणि म्हणत होत्या, "उघडा हो. कुणीतरी उघडा." तो आवाज आठवला की आजही माझ्या अंगावर काटा येतो.

वन्सं मधल्या वाटेत होत्या. त्यांनीही तो ऐकला. त्या एका खुर्चीवर चढल्या आणि जे कधी कुणाच्या बाबतीत केलं नव्हतं ते केलं. बॅटरी तोंडावर मारली. स्वतःच्या. सगळ्या अंधारात एक त्यांचा चेहरा दिसायला लागला, आणि आवाज तर काय, माइकची गरजच नाही. "इकडे बघा! माझ्याकडे! कुणी हलायचं नाही. कुणाला काही झालेलं नाही, सराव आहे. मागच्या माणसाने आधी मागे सरायचं. ए निळा शर्ट, तुलाच म्हणते. बाळ्या, मेल्या, लाइट लाव!"

लाइट लागले. माणसं थबकली, मागची मागे सरली. आजींना कुणीतरी धरून खुर्चीवर बसवलं. त्या थरथरत होत्या, पण धड होत्या. वन्सं खाली उतरल्या, त्यांच्या पाठीवरून हात फिरवला, आणि तिथेच उभ्या राहिल्या, दाराशी.

सेक्रेटरी धावत आला, मागोमाग मॅडम. हा आल्या आल्या ओरडला, "बघा मॅडम! काय शब्द निवडलाय! काका! सगळा गोंधळ हिच्यामुळे. हीच जबाबदार!"

"शब्द चुकला," वन्सं म्हणाल्या. "माझाच चुकला. अक्कल गहाण ठेवली होती मी. माझ्या चुकीने ही माणसं उठली, ते मी मान्य करते, सगळ्यांसमोर. आता तुम्ही सांगा, ती अडकली कुणाच्या कुलपाने?"

मॅडम सेक्रेटरीला म्हणाल्या, "किल्ली आणा आधी."

सेक्रेटरीने रुमालाने कपाळ पुसलं. "किल्ली… मेव्हण्याकडे असते."

 मग एक काका म्हणाले, "कुणाच्या मेव्हण्याकडे?" आणि जो काय हशा पिकला! पण वन्सं हसल्या नाहीत. त्यांनी रंगमंचाच्या बाजूला बघून हाक मारली, "सुतारदादा! हातोडा घेऊन ये. कुलूप तोड."

आमचा नेपथ्याचा सुतार हातोडा घेऊन आला, पण सेक्रेटरीकडे बघत घुटमळला. सेक्रेटरी मधे आडवा झाला. "खबरदार! ही थिएटरची मालमत्ता आहे. या तोडफोडीला जबाबदार कोण?"

अगदी पेपरातल्यासारखं विचारलं हो त्याने. जबाबदार कोण!

वन्संनी बाहेरच्या हॉलकडे बोट दाखवलं. "मी. फोटो लावलाय की तुम्ही. सध्या उलटा आहे, सरळ करून बघा. आणि आता बाजूला व्हा."

सेक्रेटरीने मॅडमकडे पाहिलं. मॅडम म्हणाल्या, "जबाबदार व्यक्तीने सांगितलंय ना? मग?" तेव्हा कुठे तो सरकला. सुताराने असे काही घाव घातले की बहुतेक त्याच्याही मनात कधीपासूनचं काहीतरी साठलेलं असावं. कुलूप पडलं. दार ढकललं तर ते वीतभर उघडून सोफ्याला अडलं. मग काका मंडळी पुढे सरसावली. "लावा जोर!" सोफे करकरत बोळातून सरकले ते थेट अंगणात. आजींनाही वन्संनी त्याच दाराने बाहेर नेलं, मोठ्या दाराने नाही. त्या मेव्हण्याच्या लाल सोफ्यावर बसल्या आणि मी त्यांना चहा नेऊन दिला. त्यांच्या दोन्ही बाजूंना दोन काका, भाषण करायला आल्यासारखे ऐटीत.

पुढे कमिटीने वन्संना बोलावलं, दिलगिरी व्यक्त करा म्हणाले. वन्सं म्हणाल्या, "शब्दाबद्दल करते. कुलपाबद्दल करणार नाही. पुन्हा लावाल, पुन्हा तोडीन." मी बाहेर उभी होते, माझीच छाती फुगली. त्यांना काढून टाकायचं चाललं होतं, पण मॅडमचा अहवाल वर गेला होता आणि दुपारच्या प्रयोगाचे अर्धे काका कमिटीच्या दारात येऊन बसले होते. सोफे गेले. मोठ्या दाराची, बाजूच्या दाराची, सगळ्या किल्ल्या वन्संच्या कमरेला आल्या. खुणेचा शब्द बदलला, तो काही मी तुम्हाला सांगणार नाही. फोटो वन्संनी स्वतःच्या हाताने सरळ केला, पण ओट्यासमोरून काढून बाजूच्या दाराशेजारी लावला.

अजूनही प्रयोग सुरू व्हायच्या आधी त्या जाऊन तो बोल्ट सरकवून बघतात, दार ढकलून बघतात, अंगणात एक पाऊल टाकून परत येतात. परवा मी त्यांच्याबरोबर गेले. म्हटलं, "वन्सं, खरं सांगा, खरोखरच कुणी बंदूक घेऊन आलं एखाद्या दिवशी, तर? तुम्हाला भीती नाही वाटत?"

"वाटते ना," त्या म्हणाल्या. "रोज वाटते. पण भीती वाटते म्हणून माणसांना कोंडायचं नसतं. मला कोंडलं होतं ना, त्यांनाही भीतीच वाटत होती."

डोळे भरून आले, हात धरावासा वाटला त्यांचा. तेवढ्यात त्यांनी बॅटरी बोळाच्या टोकाला मारली.

"आणि ती तुझी खोकी उचल आधी तिथून. उद्या कुणी अडखळून पडलं तर जबाबदार कोण?"